रोहूच्या कल्ल्यात बर्फ

तंगूस (म्हणजे गळाची दोरी) : मासे, नदी आणि गळ यांविषयी वाचकांचे प्रश्न. उत्तरं देणारे कुर्ल्याचे, माटुंगा वर्कशॉपातून फिटर म्हणून निवृत्त झालेले एक गरवणारे, म्हणजे गळानं मासे धरणारे, काका.

प्रश्न : माझे मिस्टर बँकेत आहेत, वय बावन्न. दोन वर्षं झाली, दर रविवारी पहाटे पाचला उठून कर्जतच्या बाजूला नदीवर गळ टाकायला जातात. चार हजारांचा दांडा घेतला, रीळ वेगळं. रात्री आठ-नऊला परत. पिशवी बहुतेक वेळा रिकामी. मागच्या रविवारी मात्र दीड किलोचा रोहू आणला. साफ करायला घेतला तर कल्ल्यात बर्फाचा चुरा! मी काही बोलले नाही. मला एवढंच सांगा, ही माणसं दिवसभर तिथे करतात तरी काय?
– एक वाचक, डोंबिवली पूर्व

उत्तर : वहिनी, आधी बर्फाचं बोलू. उल्हास नदीत बर्फ पडत नाही, हे तुम्हालाही ठाऊक आणि मलाही. भाऊसाहेबांची वकिली मी करणार नाही. फक्त एक विनंती, तो विषय घरात काढू नका. मीही आजवर तीनदा कल्याण स्टेशनाबाहेर मासे विकत घेऊन ते 'लागले' म्हणून घरी नेलेत. पहिल्या खेपेला पापलेट नेलं. नदीवरून! तेव्हा लग्न नवीन होतं आणि अक्कल त्याहून नवीन.

आता, करतात काय? बूच बघतात. तंगूसाला बांधलेलं पाण्यावरचं बूच हललं की नाही, हे बघत आठ तास बसतात, आणि त्या आठ तासांत त्यांना कुणी काही विचारत नाही. पासबुक छापून द्या म्हणत नाही, गॅस बुक केला का म्हणत नाही. एवढ्यानं तुमचं समाधान होणार नाही, म्हणून माझा एक दिवस सांगतो. त्या दिवशी मी काहीच केलं नाही, चार-साडेचार तास एका दगडावर नुसता बसून राहिलो. तरी नदीवरचे दिवस आठवायला बसलो की तोच आधी येतो.

फेब्रुवारी १९८९. बुधवार होता. वार ध्यानात ठेवा, सगळी भानगड वारामुळे झाली. एरवी माझी सुट्टी रविवारची. त्या आठवड्यात रविवारी कामावर बोलावलं होतं, त्याची बदली सुट्टी बुधवारी मिळाली. पहाटेची कर्जत गाडी पकडली. पिशवीत पत्र्याच्या डब्यात चाळीच्या मोरीमागची गांडुळं, दुसऱ्या डब्यात चपाती आणि बटाट्याची भाजी. (दोन्ही डबे एकाच आकाराचे. हिनं त्यावरून किती वेळा बजावलंय!) आणि मेहुण्यानं दुबईहून आणलेलं रीळ, महिन्याच्या बोलीनं उसनं घेतलेलं. ते रीळही ध्यानात ठेवा.

कर्जतला उतरून मी पेज नदीवर जायचो. ही पेज पुढे उल्हासला मिळते. आता या नदीचं एक गुपित सांगतो, कारण तुमचे मिस्टर त्याच बाजूला जातात आणि कदाचित त्यांनी तुम्हाला ते सांगितलेलं नसेल. उन्हाळ्यात आजूबाजूचे ओढे कोरडे पडले तरी पेजला पाणी असतं. ते पाणी तिचं नव्हे. घाटावर मावळात आंध्रा नावाची नदी आहे. तिच्यावर ठोकरवाडीला धरण बांधून ते पाणी बोगद्यातून, मग मोठमोठ्या नळांतून सह्याद्रीच्या कड्यावरून खाली भिवपुरीच्या वीजघरात सोडलेलं आहे. जवळजवळ अर्धा किलोमीटरची उडी. १९२२ सालापासून हे चालू आहे. त्या पाण्याची मूळ वाट इंद्रायणी, भीमा, कृष्णा अशी थेट पूर्वेच्या समुद्राकडे. ते मुंबईसाठी वीज करून पश्चिमेला पेजेत उतरतं, पेजेतून उल्हासमध्ये, आणि वाटेत बदलापूर, अंबरनाथ, कल्याण-डोंबिवलीच्या नळांना जातं. म्हणजे वहिनी, तुम्ही तो रोहू ज्या पाण्यानं धुतलात, त्यातलं थोडं घाटावरून आलेलं असणार.

गरवणाऱ्याच्या दृष्टीनं यातली गोम अशी की वीजघराची चक्रं फिरली की नदीला पाणी चढतं, थांबली की उतरतं. नदीचं घड्याळ मुंबईच्या बटणांवर चालतं. सहा वर्षं दर रविवारी जाऊन मी ते घड्याळ पाठ केलं होतं. दुपारी तीन-साडेतीनपर्यंत पाणी गुडघ्याच्या वर जात नाही, त्यानंतर आपण काठावर यायचं. पण ते रविवारचं घड्याळ. रविवारी ऑफिसं बंद, गिरण्या बंद. बुधवारी मुंबई सकाळपासून जागी असते, हे डोक्यातच आलं नाही.

नदीच्या मधोमध एक काळा खडक होता. मी त्याला म्हशीची पाठ म्हणायचो. त्याच्या पलीकडे डोह, डोहाच्या तळाशी कपारी. गुडघाभर पाण्यातून दगड चुकवत खडकावर गेलो. जेवणाची पिशवी काठावर ठेवली. चपला काढून खडकाच्या खालच्या अंगाला, पाण्यालगत ठेवल्या. साडेआठला पहिला गळ टाकला. तासाभरात तीन शिंगट्या, बोटाएवढ्या. सोडून दिल्या.

दहाच्या सुमाराला तंगूस ताणला गेला. झटका नाही, पळापळ नाही, कुणी हलकेच पदर ओढावा तसा ताण. मी दांडा उचलला तर घट्ट. वाम होती, सापासारखा लांब मासा. वाम गांडूळ तोंडात धरते आणि शेपटीकडून कपारीत शिरते, अंग फुगवून बसते. ओढाल तर तंगूस तुटतो, ती येत नाही. अशा वेळी तंगूस ढिला सोडून वाट बघायची, बाहेर यायचं ते तिच्या मर्जीनं. हे कळत असूनही मी ओढलं, आणि गळ, शिसं, वाम, सगळं कपारीत अडकून बसलं.

तंगूस कापून मोकळं होता आलं असतं. पण रिळावरचा तोही दुबईचाच होता. मेहुण्याचा चेहरा डोळ्यांसमोर आला. अर्धा तास मी या बाजूनं ओढ, त्या बाजूनं ओढ करत राहिलो. मान वर केली ती माझी डावी चप्पल समोरून तरंगत जाताना दिसली म्हणून.

चप्पल बघून मला आधी हसू आलं. मग ध्यानात आलं की ती ठेवली होती तो दगडच दिसत नाही. पाण्यावर वाळकी पानं, काटक्या, फेसाचे गोळे येत होते. काठाजवळची कोरडी रेती बुडली की ही सगळी वाळवण अशी तरंगत निघते. पाणी सुटल्याची पहिली खूण हीच, आणि माझी पाठ तिच्याकडे होती. उजवी चप्पल तेवढी हाताला लागली.

काठावर एक बाई होती. जवळच्या कातकरी वाडीतली, माझ्या आईपेक्षा दहाएक वर्षांनी लहान असेल. सकाळपासून दगड उलटवून खालचे झिंगे हातानं धरत होती. तिनं हाक मारली, "भाऊ, पानी आलं, नीघ!" मी म्हणालो, "दोन मिनिटं, मावशी!" माझ्या जन्मात एवढी महाग दोन मिनिटं कुणी मागितली नसतील. तंगूस सोडवायच्या नादात पुन्हा वाकलो, आणि पाय खाली घातला तेव्हा पाणी मांडीला लागलं. गावच्या विहिरीत पोहलेला माणूस मी, पण विहिरीचं पाणी कुणाला ओढून नेत नाही. एक पाऊल टाकलं, तळाचा दगड पायाखालून निसटला, तसा परत वर चढलो.

मावशी काठावरून ओरडली, "आता नको उतरू! बस तिथंच. पानी जाईल."

"कधी जाईल?"

"जाईल तेव्हा जाईल."

आणि ती आपल्या कामाला लागली. वहिनी, मला तेव्हा तिचा राग आला होता. दोर टाकावा, माणसं बोलवावीत, निदान काळजीचा चेहरा करावा! तिनं केलं एवढंच, की माझी जेवणाची पिशवी उचलून उंबराच्या फांदीला टांगली. कावळ्यांपासून वाचावी म्हणून. मग झिंग्यांचं फडकं घेऊन पायवाटेनं निघून गेली. नंतर उमगलं, म्हशीची पाठ पूर्ण बुडत नाही हे तिला पक्कं ठाऊक होतं. मला नव्हतं. म्हणून पुढचा तासभर मी खडकावरची एक रेघ आणि पाणी यांतलं अंतर बोटांनी मोजत होतो. चार बोटं. तीन बोटं. अडीच. अडीचावर पाणी थांबलं.

त्यानंतरच्या तासांचं काय सांगू? घड्याळ मनगटावर होतं, पण बघून उपयोग नव्हता. भूक लागली होती आणि भाजीचा डबा उंबरावर लोंबकळताना दिसत होता. माझ्याजवळ गांडुळांचा डबा. पलीकडच्या काठावर पळस फुलला होता. एक खंड्या वाकलेल्या फांदीवरून सूर मारायचा. मी मोजले, अकरा सूर आणि चार मासे. म्हणजे त्याच्या पिशवीतही सगळे दिवस काही येत नाही. पाणकावळा पंख पसरून माझ्याच खडकाच्या दुसऱ्या टोकाला वाळत बसला, मी जणू खडकाचाच भाग. वर्कशॉपात दिवसभर घणांचा आवाज. चाळीत रात्री अकरापर्यंत शेजारचा रेडिओ. एवढा वेळ कुणाशी न बोलता, कुठेही न जाता मी त्याआधी बसलो नव्हतो. त्यानंतरही नाही.

दोनच्या पुढे कधीतरी बोटावर काहीतरी सरकलं. तंगूस मी तर्जनीवर तसाच ठेवला होता, ढिला. इतका वेळ कुणी ओढलं नाही, म्हणून वाम कपारीतून बाहेर आली होती. मी जे जाणून करायला हवं होतं ते नाइलाजानं घडलं. वर काढली खरी, पण धरणार कशात? जाळी नाही, टोपली नाही. वाम म्हणजे साबण लावलेला दोर. शेवटी सदरा काढून त्यात गुंडाळली. तिच्या पाठीवर बारीक काट्यांची रांग असते, तिनं तळहात फाडला तो वेगळा.

साडेतीनला पाणी उतरलं. उघड्याबंब अंगानं, सदऱ्याचं गाठोडं छातीशी धरून मी काठावर आलो, तर मावशी परत आलेली. मी मोठ्या ऐटीत गाठोडं उघडून दाखवलं आणि म्हटलं, "मावशी, ही तुम्हाला." तिनं एकदा वामेकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. "येवढ्यासाठी?" म्हणाली आणि खूप हसली. वाम घेतली नाहीच. उलट पळसाच्या पानात ओंजळभर झिंगे बांधून माझ्या हातावर ठेवले. घरी लहान मूल आहे का, एवढं विचारलं. आहे म्हटलं तर आणखी मूठभर घातले.

आता घरी काय सांगायचं? गाडीत तोच विचार. दगडावर अडकलो म्हटलं असतं तर दांडा दुसऱ्याच दिवशी भंगारात गेला असता. म्हणून ठरवलं, चपला गाडीत चोरीला गेल्या. मग वाटलं, चोर एकच चप्पल कशी नेईल? तेव्हा गोष्ट जुळावी म्हणून उरलेली उजवी चप्पल मी कल्याणच्या फलाटावर बाकाखाली सोडून दिली. अनवाणी घरी पोचलो. हिनं ऐकून घेतलं, पायावर पाणी घातलं, वाम आणि झिंगे आत नेले. विषय संपला. तो आजपर्यंत संपलेलाच होता.

इथवर लिहून चहाला उठलो, तेवढ्यात हिनं कागद वाचले. ती म्हणते, "मला त्याच रात्री कळलं होतं. झिंगे गळाला कधीपासून लागायला लागले?"

छत्तीस-सदतीस वर्षं! एक शब्द नाही. वर म्हणाली, "वाम केवढी होती ते मात्र खरं लिहा. पाहुण्यांना सांगताना अडीच किलोची करता." बरं, लिहितो. सव्वा हात लांब, आणि तराजूत जेमतेम अर्धा किलो.

तेव्हा वहिनी, बर्फाचं तुम्ही बोलला नाहीत हे योग्यच केलंत. पण पुढच्या रविवारी निघताना त्यांना एवढं जरूर विचारा, "आज पाणी कधी सुटतंय?" गावातल्या माणसाला विचारल्याशिवाय नदीच्या मध्ये उभं राहायचं नाही, पाठ वरच्या अंगाला करून बसायचं नाही, चपला पाण्याजवळ ठेवायच्या नाहीत. रोहू विकत आणायचाच असेल तर कल्ले धुऊन आणावा, हे मी त्यांना वेगळं कळवीन.

प्रश्न : काका, मी कांजूरमार्गला राहतो, वय एकोणीस. कर्जतला जायला वेळही नाही, पैसेही नाहीत. मुंबईतल्याच नदीत गळ टाकला तर काही लागेल का?
– एक विद्यार्थी

उत्तर : बाळा, लागेल. खाऊ नकोस.

मुंबईला नद्या चार. मिठी, दहिसर, पोयसर आणि ओशिवरा. हल्लीच्या पोरांना त्या नाले वाटतात यात पोरांची चूक नाही. मिठी विहार तलावाच्या सांडव्यावरून निघते, पवईचं जास्तीचं पाणी घेते आणि अठराएक किलोमीटर वाहून माहीमच्या खाडीला मिळते. मी कुर्ल्यात वाढलो. लहानपणी भरतीबरोबर बोईट वर यायचे ते आम्ही पोरं कणकेच्या गोळीवर धरायचो, आणि घरचे ते खायचे. तेव्हाही पाणी स्वच्छ नव्हतंच, पण वास येत नव्हता. आज त्या पाण्यात काय काय येतं याची यादी इथे देत नाही, लोक जेवताना मासिक वाचतात.

नदी आहे हे मुंबईला २६ जुलै २००५ला आठवलं. सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि मिठी आमच्या चाळीच्या जिन्यावर सहाव्या पायरीपर्यंत चढून आली. दोन दिवसांनी चिखल उपसताना जिन्याखालच्या मोरीत काय सापडावं? जिवंत चिलापी. आफ्रिकेचा मासा तो, आपल्याकडे १९५२ साली आणला, आणि कसल्याही पाण्यात तग धरतो. मला त्याचं कौतुक वाटलं. पण खाल्ला नाही.

दहिसर नदी तुळशी तलावाकडून, राष्ट्रीय उद्यानाच्या जंगलातून येते. वर पाणी सुंदर आहे, पण उद्यानात मासेमारीला बंदी. बिबट्याचं राहू दे, गार्ड पकडेल.

तुझ्यासाठी खरी जागा पवई. तुझ्या घरापासून जवळच. १८९१च्या सुमाराला बांधलेला तलाव, पाणी पिण्याजोगं निघालं नाही म्हणून शहराच्या उपयोगाचा राहिला नाही, आणि गरवणाऱ्यांच्या उपयोगाचा झाला. महाराष्ट्र स्टेट अँगलिंग असोसिएशन तिथेच काठावर आहे. चौकशी कर, नियम समजून घे, रीतसर गळ टाक. जुनी माणसं भेटतील. त्यांच्या शेजारी गुपचूप बसून गाठ कशी मारतात ते बघ. चार हजारांच्या दांड्यापेक्षा चांगली गाठ महत्त्वाची. आणि पवईत मगरी आहेत, थट्टा करत नाही. पाण्यात पाय सोडून बसू नकोस.

प्रश्न : पहिल्या पावसात मित्र वलगणीचे मासे धरायला बदलापूरच्या पुढे बोलावतात. शाळेत मुलांना निसर्ग शिकवणारा माणूस मी. जावं की जाऊ नये, ठरत नाही.
– एक शिक्षक, अंबरनाथ

उत्तर : गुरुजी, अवघड जागी बोट ठेवलंत.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. मृगाचा पहिला जोरदार पाऊस झाला, ओढ्यांना गढूळ पाणी सुटलं, की नदीतले मासे प्रवाहाच्या उलट चढायला लागतात. शेतात, नाल्यात, उथळ पाण्यात अंडी घालायला. हीच वलगण. एक-दोन रात्रींचा खेळ. गावंच्या गावं बत्त्या घेऊन बाहेर पडतात, कुणी पाग (फेकायचं जाळं) टाकतं, कुणी बांधावर बांबूचा सापळा लावतं, कुणी नुसती काठी घेऊन उभं. मासे पोटात गाभोळी, म्हणजे अंडी, घेऊन आलेले असतात, आणि ती चव... ती चव मी नाकारणार नाही.

मामाच्या गावी तरुणपणी मी एका रात्रीत बादलीभर धरले होते. सकाळी घरात खाणारी माणसं सहा आणि मासे पाऊणशे. अर्धे कुत्र्यांना गेले. मामी त्यांची पोटं फाडत होती आणि परातीत गाभोळीचा पिवळा ढीग साठत होता. तो ढीग बघून मला पहिल्यांदा वाटलं की आपण पुढच्या वर्षीची बादलीसुद्धा आजच उपसली.

समुद्रात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना बंदी असते, ती याच कारणासाठी. ओढ्यावर कोण बघतंय? वाडीवरच्या माणसाला मी काही सांगणार नाही. वर्षातून दोनदा फुकट मिळणारं त्याचं ते खाणं आहे आणि त्याला उद्याही तिथंच राहायचंय. पण आपण अंबरनाथहून गाडी करून जाणार, आणि डिकी भरून आणणार? ते मला पटत नाही. तुम्ही जा. रात्र बघण्यासारखी असते. बेडकांचा कालवा, चिखलाचा वास, आणि पायाखालून सळसळत चढणारे मासे. एका जेवणापुरते धरा, फुगलेल्या पोटाचे सोडून द्या. बूट घालून जा, कारण त्या रात्री मासे असतात तिथे सापही येतात. आणि कुणी सुरुंगाच्या कांड्या किंवा पाण्यात ओतायचं औषध काढलं तर तिथून निघा. इंग्रजांनी १८९७ सालीच कायदा करून या दोन्हींना बंदी घातली होती. सव्वाशे वर्षं झाली, तरी कांड्या मिळतातच.

प्रश्न : शिंगटी गळातून काढताना काटा हाताला लागतो, तासन्‌तास ठणकतं. उपाय?
– एक वाचक, कळवा

उत्तर : हाताला सोसेल इतक्या गरम पाण्यात हात बुडवून ठेवा. चटका बसेल इतकं नको. अर्धा तास, हवं तर जास्त, पाणी निवलं की बदलत राहा. काट्यावरचं विष उष्णतेनं निकामी होतं आणि ठणका उतरतो. नदीवर असाल तर चहाच्या टपरीवर जाऊन पाणी मागा, मी तेच करतो. जखमेत काट्याचं टोक राहिलं नाही ना बघा, आणि धनुर्वाताचं इंजेक्शन घेऊन किती वर्षं झाली ते आठवा. आठवत नसेल तर दवाखाना गाठा. पुढच्या वेळी शिंगटीला वरून धरू नका. पाठीचा एक आणि कल्ल्यांमागचे दोन असे तीन काटे ती ताठ करते. ओल्या फडक्यानं, पोटाखालून धरा.

प्रश्न : वाम आणली तर बुळबुळीत असते म्हणून घरात कुणी हात लावत नाही. साफ कशी करायची?
– एक वाचक, विक्रोळी

उत्तर : याचं उत्तर ही देते आहे, मी नुसतं लिहून घेतोय. वामेला आधी चुलीची राख चोळायची, राख नसेल तर जाडं मीठ आणि तांदळाचं पीठ. दोन मिनिटांत सगळा बुळा त्या पिठाला येतो. धुऊन पुन्हा एकदा चोळायचं. मग पाठीवरची काट्यांची रांग दोन्ही बाजूंनी सुरीची रेघ मारून उपटून काढायची, डोकं उडवायचं, पोट साफ करून बोटभर लांबीचे तुकडे करायचे. हळद, मीठ आणि आगळ लावून अर्धा तास ठेवायचे. लसूण ठेचून तेलात लाल करायची, घरचा मसाला, थोडं ओलं खोबरं वाटून, आणि रस्सा पातळ ठेवायचा. वामेचं मांस घट्ट असतं, ते दाट रश्श्यात शिजायला उगाच वेळ घेतं.

आणि झिंगे मिळाले असतील तर ते यात घालायचे नाहीत, ही म्हणते. ते वेगळे, कांद्यावर, सुके करायचे. त्या बुधवारीही तिनं वेगळेच केले होते.